गोव्यात ब्लास्टिंग करून घेताना: लोखंड आणि लाकडाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चवथ (गणेशचतुर्थी) झाली की फोन सुरू होतात. गेट गंजले, बाल्कनीच्या रेलिंगचा रंग सुटला, जुन्या घराच्या दारावर पिढ्यान्‌पिढ्यांचे थर बसलेत. पहिला प्रश्न बहुतेक वेळा दराचा असतो. मी मात्र उलट विचारतो: ब्लास्टिंग झाल्यावर वर काय लावणार? एपॉक्सी, साधा इनॅमल, पॉलिश की तेल, हे ठरल्याशिवाय माल (म्हणजे मारायचे कण) कुठला, प्रेशर किती आणि पृष्ठभाग किती साफ करायचा, यातले काहीच ठरत नाही. पुढचे प्रश्न लोक पाठवत असतात तेच आहेत. सोपे आधी आणि अडचणीचे नंतर घेतले आहेत. एखादी गोष्ट दुसऱ्या उत्तरात येऊन गेली असेल तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. ब्लास्टिंग म्हणजे नक्की काय? वायर ब्रश आणि ग्राइंडरने तेच होत नाही का?

दाबाखालच्या हवेबरोबर कठीण कण नोझलमधून वेगाने सोडायचे आणि त्यांच्या माऱ्याने गंज, जुना रंग, मिल स्केल (कारखान्यातच लोखंडावर आलेला काळा थर) काढायचे, ही ती पद्धत. बेंजामिन च्यू टिल्घमन या अमेरिकन माणसाने १८७० मध्ये तिचे पेटंट घेतले. माऱ्याने दोन कामे एकदम होतात: पृष्ठभाग साफ होतो आणि त्याला बारीक खडबडीतपणा येतो. रंग त्या खडबडीतपणाला धरून बसतो. वायर ब्रश वरचा सैल गंज काढतो, पण खड्ड्यांतल्या गंजाला नुसती चकाकी आणतो. ग्राइंडर पृष्ठभाग गुळगुळीत करतो, म्हणजे रंगाला हवे त्याच्या उलटच. एखादी खिडकीची जाळी असेल तर हाताने घासून भागते. खाऱ्या वाऱ्यात उभ्या असलेल्या लोखंडाला ते पुरत नाही.

२. नदीची रेती वापरली तर काय बिघडतं? स्वस्त पडते आणि पूर्वी सगळे तीच वापरायचे.

बिघडते ते नोझल धरणाऱ्याच्या फुप्फुसात. रेतीत सिलिका असते. लोखंडावर आपटून कण फुटतो आणि डोळ्यांना न दिसणारी धूळ होते. ती श्वासाबरोबर खोल जाऊन बसते आणि सिलिकोसिस होतो. हा आजार बरा होत नाही आणि त्यामागून क्षय होण्याचा धोकाही वाढतो. ब्रिटनने ओतकामाच्या ब्लास्टिंगमध्ये वाळूला १९४९ च्या नियमांनी बंदी घातली. आपल्याकडे सिलिकोसिस कायद्याने अधिसूचित आजार आहे, म्हणजे तो आढळल्यास कळवणे बंधनकारक आहे. किनाऱ्यावरची रेती तर आणखी वाईट, कारण तिच्यासोबत मीठही लोखंडावर जाते (प्रश्न ७). कोणी रेतीचा दर देत असेल तर कितीही कमी असला तरी घेऊ नका. शेजारच्या अंगणात मुले खेळत असतात.

३. मग कोणता माल वापरायचा?

मोकळ्या जागेतल्या लोखंडाला गोव्यात कॉपर स्लॅग (तांबे गाळताना उरणारी मळी) सर्वाधिक चालतो. तो काळा, टोकदार असतो आणि त्यात मोकळी सिलिका एक टक्क्याहून कमी असते. एकदा वापरून टाकायचा असल्याने लागतोही भरपूर: चांगल्या सफाईला एका चौरस मीटरला साधारण ३० ते ५० किलो. गार्नेट हे कठीण खनिज महाग, पण त्याच्या निम्म्याहून कमी लागतो, धूळ कमी करतो आणि गोळा करून चाळला तर पुन्हा वापरता येतो. स्टील ग्रिट आणि शॉट बंद खोलीत किंवा मशीनमध्येच परवडतात, कारण ते परत गोळा करावे लागतात. गोल शॉट पृष्ठभाग ठोकतो आणि टोकदार ग्रिट कापतो. रंगासाठी ग्रिट हवा. अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड, काचेचे मणी, सोडा, अक्रोडाच्या टरफलाचा आणि मक्याच्या कणसाच्या बुरकुंडाचा भुसा या मालांची कामे ठरावीक आहेत. त्यातली बहुतेक प्रश्न १० ते १५ मध्ये आली आहेत.

४. कोटेशनमध्ये "एसए २½" लिहिलंय. ते काय असतं? सगळ्यांना तेच लागतं का?

आयएसओ ८५०१-१ या मानकातली ही सफाईची पायरी आहे. कामावर तिला "एसए अडीच" म्हणतात. एसए १ म्हणजे हलका मारा, एसए २ म्हणजे बहुतेक गंज गेलेला. अडीचमध्ये गंज आणि रंग जाऊन फक्त फिकट ठिपके किंवा रेघांसारख्या खुणा उरतात. एसए ३ म्हणजे सर्वत्र एकसारखे धातूचे रूप. हाताच्या आणि पॉवरच्या हत्यारांसाठी एसटी २ आणि एसटी ३ या वेगळ्या पायऱ्या आहेत.

एपॉक्सी, झिंकयुक्त प्रायमर, पाण्याखालचा भाग, टाकीचा आतला भाग यांना अडीच हवेच. घराच्या आतल्या जिन्याच्या रेलिंगला साधा इनॅमल लावणार असाल तर अडीचचे पैसे वाया जातात. एसए ३ तर फारच थोड्या कामांना लागते. ते कोटेशनमध्ये लिहून ठेवणारे ठेकेदार असतात. कारण विचारा.

खडबडीतपणा, म्हणजे प्रोफाइल, वेगळा मोजतात. बहुतेक एपॉक्सी पद्धतींना ५० ते ७५ मायक्रॉन चालतो. पातळ रंगाखाली त्याहून खोल प्रोफाइल असेल तर शिखरे रंगातून वर डोकावतात आणि तिथे गंजाचे बारीक ठिपके उठतात.

५. ब्लास्टिंग झाल्यावर किती वेळात प्रायमर मारायचा?

पुस्तकी उत्तर चार तास. डिसेंबर-जानेवारीच्या कोरड्या दुपारी साखळी-डिचोलीकडे तेवढा वेळ मिळू शकतो. मिरामार, बागा, कोलवा, वास्को या पट्ट्यात मी तासा-दोन तासांपलीकडे थांबत नाही. नुकते साफ झालेले लोखंड दमट हवेत डोळ्यांदेखत पिवळसर पडू लागते. तसे झाले की वरून पुन्हा हलका मारा द्यावा लागतो. म्हणून दिवसभरात रंगवून होईल तेवढेच ब्लास्ट करायचे. सगळे गेट सकाळी साफ करून "रंगारी उद्या येतो" म्हणणाऱ्याला काम देऊ नका.

६. पावसाळ्यात ब्लास्टिंग होतं का? छपराखाली केलं तर?

पाऊस अंगावर पडत नाही म्हणजे लोखंड कोरडे आहे असे नव्हे. नियम दोन: हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांखाली हवी आणि लोखंडाचे तापमान दवबिंदूच्या (ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचे दव होते त्याच्या) निदान ३ अंश वर हवे. हवा ३० अंश आणि आर्द्रता ७५ टक्के असेल तर दवबिंदू सुमारे २५ अंश येतो, म्हणजे लोखंड २८ अंशांवर पाहिजे. आर्द्रता ८५ झाली की दवबिंदू २७ च्या वर जातो आणि लोखंड ३० च्या पुढे लागते. जाड प्लेट रात्रीचा गारवा सकाळी उशिरापर्यंत धरून ठेवते, त्यामुळे हवा गरम वाटत असतानाही तिच्यावर न दिसणारा ओलावा असतो.

जून ते सप्टेंबर बंद शेडमध्ये डिह्युमिडिफायर (हवेतला ओलावा काढणारे यंत्र) लावून काम होते. नुसत्या छपराखाली फक्त ब्लास्टिंग करता येईल, पण प्रायमर मारायला योग्य वेळ मिळेलच याचा भरवसा नाही. घरगुती कामाला दिवाळीपर्यंत थांबणे बरे.

७. लोखंड पांढरं होईपर्यंत ब्लास्ट केलं, प्रायमर नामांकित कंपनीचा, तरी वर्षात फोड आले. घर समुद्राजवळ आहे. कोणाची चूक?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो, आणि बहुतेक वेळा उत्तर मीठ असते. खाऱ्या हवेतले क्लोराइड गंजाच्या खड्ड्यांत तळाशी जाऊन बसतात. कोरडा मारा गंज उडवतो, पण खड्ड्याच्या तळातले मीठ पुष्कळदा तिथेच राहते, आणि कधीकधी माऱ्याने उलट आणखी आत ठोकले जाते. डोळ्यांना काही दिसत नाही. वर रंग बसतो. मग ते मीठ रंगाच्या थरातून पाणी ओढून घेते आणि खालून फोड उठतो. फोड फोडला की आत पाणी आणि काळपट गंज दिसतो.

उपाय पाण्याचा आहे. ब्लास्टिंगच्या आधी गोड्या पाण्याने दाब देऊन धुवायचे. फार खड्डे असतील तर एकदा ब्लास्ट करून, पुन्हा धुवून, वाळवून दुसरा मारा द्यायचा. विहिरीचे पाणी वापरणार असाल तर आधी चाखून पाहा. किनाऱ्याजवळच्या कित्येक विहिरी उन्हाळ्यात मचूळ होतात.

मीठ मोजता येते. ब्रेसल पद्धतीत पृष्ठभागावर छोटा पॅच चिकटवून आत शुद्ध पाणी सोडतात, ते परत ओढतात आणि त्याची वाहकता पाहतात. जहाजांच्या बॅलास्ट टाक्यांसाठी आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या मानकात चौरस मीटरला ५० मिलिग्रॅम ही मर्यादा आहे. घराच्या गेटला कोणी हे मोजत नाही. पण समुद्रासमोरच्या हॉटेलाचे स्ट्रक्चर असेल तर मोजून घ्या, खर्च फारसा नसतो. आणि चूक कोणाची म्हणाल तर धुण्याची ओळ कोटेशनमध्ये होती का ते आधी बघा. नसेल तर ती तुम्हीही मागितली नव्हती.

८. तेलकट, ग्रीस लागलेले पार्ट थेट ब्लास्ट केले तर तेल निघून जाईल ना?

नाही. ते पसरते, खड्ड्यांत जाते आणि मालही खराब करते. आधी सॉल्व्हंट किंवा डिटर्जंटने पुसा. पाणी शिंपडून बघा: पसरून पातळ थर झाला तर साफ, थेंब-थेंब उभे राहिले तर तेल आहे.

९. ट्रॉलर आणि बार्ज: बंदीच्या काळात होडी वर काढलेली असते, तेव्हाच करून घ्यावं ना?

अडचण हीच आहे. मासेमारी बंदी १ जून ते ३१ जुलै, म्हणजे लोखंडी होडी मालीम किंवा कुटबणच्या धक्क्यावर रिकामी असते तेव्हाच हवा सर्वांत वाईट असते. प्रश्न ६ मधले नियम तिथेही लागू आहेत. जमत असेल तर मेच्या शेवटच्या आठवड्यात बोट आधीच वर घ्या. नाहीतर पाण्याखालच्या भागावर ताडपत्री बांधून, उघडीप बघून पट्ट्यापट्ट्याने काम करा. पावसाने होडी वरून धुतली जाते हा तेवढाच फायदा.

मांडवी-झुवारीवरच्या जुन्या खनिज बार्जसाठी वेगळी सूचना. ब्लास्टिंगआधी अल्ट्रासॉनिक गेजने प्लेटची जाडी मोजा. गंजाच्या थरानेच जिथे भोक बुजलेले असते, तिथे माऱ्याबरोबर ते उघडते. तेव्हा "तुम्ही भोक पाडले" हा वाद कोणालाच नको असतो. टाकीच्या किंवा होल्डच्या आत शिरायचे असेल तर आधी गॅस तपासणी झालीच पाहिजे आणि होजला अर्थिंग हवे. कोरड्या मालाच्या घर्षणाने स्थिर वीज साठते.

फायबरच्या होडीला हे काही लागू नाही. जेलकोटवर, म्हणजे वरच्या गुळगुळीत थरावर, साधा मारा दिला की खालचा फायबर उघडा पडतो. तिथे हाताने सँडिंगच बरे.

१०. गॅल्व्हनाइज्ड पाइपवर रंग बसत नाही, सोलतो. ब्लास्ट करू?

फक्त स्वीप ब्लास्ट. प्रेशर कमी, माल बारीक आणि बिगरधातूचा, नोझल लांब आणि हात सतत फिरता. जाड लोखंडावरचा झिंकचा थर सरासरी ८५ मायक्रॉनच्या आसपास असतो. नेहमीच्या दाबाने मारलात तर ज्याचे पैसे मोजले तोच थर उडून जाईल. पृष्ठभागाची चकाकी गेली की थांबायचे.

११. जुन्या बुलेटची टाकी, स्कूटरचा पत्रा, गाडीचं बॉनेट?

चेसिस, सेंटर स्टँड, रिम यांना हरकत नाही. पातळ पत्रा मात्र वाकतो. लोकांना वाटते उष्णतेने, पण खरे कारण ठोकल्याने एका बाजूचा धातू ताणला जातो हे आहे. पत्र्यावर सोडा किंवा प्लास्टिकचा माल कमी दाबाने वापरतात. इंजिनाच्या अ‍ॅल्युमिनियम कव्हरला काचेचे मणी छान फिनिश देतात, पण तेलाच्या वाटा बंद करून घ्या. आत राहिलेला एक मणी बेअरिंग खाऊ शकतो.

१२. स्टेनलेसच्या रेलिंगवर चहासारखे डाग पडलेत.

समुद्राजवळ ते पडतातच, बहुतेकदा ३०४ ग्रेड असल्याने. स्टील ग्रिटने कधीही ब्लास्ट करू नका. लोखंडाचे कण रुततात आणि डाग दुपटीने परत येतात. आधी दुसऱ्या लोखंडावर वापरलेला गार्नेटही नको. आणि बहुतेक वेळा ब्लास्टिंगची गरजच नसते. पिकलिंग पेस्ट (डाग काढणारी आम्लाची पेस्ट) लावून भरपूर गोड्या पाण्याने धुतले तर भागते.

१३. आमच्या जुन्या घराची सागवानी दारं आणि तुळया ब्लास्ट करून पॉलिश करायची आहेत. होईल ना?

तुळयांना होईल. दारांना बहुधा नको म्हणेन.

लाकूड धातूसारखे एकसारखे नसते. प्रत्येक वर्षाच्या वाढीत मऊ आणि कठीण पट्टे असतात. मारा मऊ पट्टा आधी खातो, कठीण उठून दिसतो, आणि पृष्ठभागाला वरखाली लहरी येतात. छपराच्या तुळईवर, वाशांवर हे शोभते, कधी मुद्दाम तसे मागतात. पण ज्या दाराची रेष सुताराने रंधा मारून सरळ केली होती, त्यावर ती लहर बसली की रंध्याशिवाय परत जात नाही. सागवान आणि ऐन, म्हणजे माट्टी, हे तुलनेने सोसतात. फणसाचे मऊ फळीकाम लवकर खाल्ले जाते.

दाब दोन-तीन बारपासून सुरू करा आणि आधी मागच्या, न दिसणाऱ्या बाजूवर वीतभर नमुना करून घ्या. माल अक्रोडाच्या टरफलाचा किंवा मक्याचा घ्या. जाड तुळईवर डांबर किंवा जुना चुना असेल तर बारीक गार्नेट चालतो. नेहमी रेषेच्या दिशेने मारायचे. लोखंडी ग्रिट नको: सागवान आणि ऐनातले टॅनिन लोखंडाच्या कणांशी मिळून काळे डाग पडतात आणि पहिल्या पावसात ते वर येतात. सोड्यानेही असे लाकूड काळवंडते, शिवाय उरलेला क्षार पॉलिश धरू देत नाही.

काम झाल्यावर लाकूड केसाळ होते. बारीक सँडपेपर मारून, ओलावा मीटरने पाहून मगच सीलर लावा. जूनमध्ये ब्लास्ट करून जूनमध्येच पॉलिश केले तर आतला ओलावा पॉलिशखाली कोंडतो आणि ते पांढरे पडते.

१४. शिंपल्यांच्या तावदानांच्या खिडक्या, नक्षीकाम, वाळवी लागलेलं लाकूड?

शिंपल्यांना माऱ्याचा स्पर्शही होता कामा नये. ते ठिसूळ असतात आणि नवे मिळवणे कठीण. तावदाने काढून चौकटीच तेवढ्या घ्या, आणि जमत नसेल तर हीट गन आणि स्क्रेपर वापरा. मात्र हीट गनही शिंपल्याजवळ नको. नक्षीचे कोपरे बोथट होतात, म्हणून तिथेही नाही. प्लायवूड आणि व्हीनियरचा वरचा थर तर एका फेरीत जातो. वाळवी लागलेल्या लाकडावर मारले तर पोकळी उघडी पडते. काही जण वाळवी कुठवर गेली हे पाहायला मुद्दाम तसे करतात, आणि ते वाईट नाही. लाकडी होडीवाल्यांनी एक लक्षात ठेवावे: काजूच्या टरफलाच्या तेलाचे जुने थर चिकट असतात, मारा त्यांवरून उसळतो. आधी खरवडा.

१५. देवळातली पितळी समई आणि दारावरचं धातूचं काम उजळायचं आहे.

नको. काचेच्या मण्यांनीही पितळ मॅट होते, धार जाते, आणि वर्षानुवर्षांच्या हातांनी आलेली झळाळी परत आणता येत नाही. चिंच आहेच. पत्र्याचे नक्षीकाम लाकडावर ठोकलेले असेल तर तुम्हाला ब्लास्टरची नाही, जाणत्या कारागिराची गरज आहे.

१६. जुन्या रंगात शिसं असतं म्हणतात. खरं का?

असू शकते. आपल्याकडे २०१६ च्या नियमांनी घरगुती रंगांत शिशाची मर्यादा ९० पीपीएम (दहा लाख भागांत ९० भाग) केली आणि ती १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीचा रंग, विशेषतः जुन्या ग्रिलखालचा शेंदरी रेड लेड प्रायमर, संशयित धरा. असा रंग कोरड्या ब्लास्टिंगने उडवला तर धूळ अंगणात, विहिरीत, भाजीच्या वाफ्यात जाते. घरात लहान मूल किंवा गरोदर बाई असेल तर हे काम घरी करूच नका. ग्रिल काढून शेडमध्ये न्या.

१७. आमच्याच अंगणात करून द्याल का? शेजारी तक्रार करतात.

तक्रार रास्त आहे. आवाज सहज शंभर डेसिबलच्या वर जातो आणि धूळ वाड्यावर पसरते. गेट, ग्रिल काढता येत असेल तर वेर्णा, कुंडईसारख्या औद्योगिक वसाहतीतल्या बंद बूथमध्ये पाठवणे स्वस्त पडते. हलवता न येणाऱ्या वस्तूला ओल्या पद्धतीचे ब्लास्टिंग करतात. त्यात पाण्याने धूळ दबते, पण लोखंड लगेच पिवळे पडते, म्हणून पाण्यात गंजरोधक घालावा लागतो आणि तो वरच्या प्रायमरला चालणारा हवा. रेतीचा धोका ओल्या पद्धतीतही पूर्ण जात नाही.

१८. वापरलेला स्लॅग खड्डे बुजवायला टाकला तर?

स्वच्छ लोखंडावरचा आणि जुना सागरी रंग मिसळलेला, हे दोन वेगळे. दुसरा घातक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांखाली येऊ शकतो. त्याची व्यवस्था राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या मार्गानेच करायची. होडीच्या तळाच्या अँटीफाउलिंग (शेवाळ, शिंपले बसू न देणाऱ्या) रंगात तांबे असते. जुन्या थरांत २००८ पासून जगभर बंदी असलेले टीबीटी हे विषारी कथिल संयुगही सापडू शकते. ते नदीत झाडून टाकले की चिखलात बसते, आणि तिथेच खुबे, तिसऱ्यो वाढतात.

१९. छोटा कॉम्प्रेसर आहे. यूट्यूबवर पाहून स्वतः करू?

गॅरेजचा दोन-तीन हॉर्सपॉवरचा कॉम्प्रेसर जेमतेम दहा सीएफएम (मिनिटाला घनफूट) हवा देतो. पाव इंची नोझलला शंभर पीएसआयवर सुमारे ८० सीएफएम लागते, तीन-अष्टमांश इंचीला २०० च्या आसपास. तुमच्या यंत्राने डब्यात बसेल एवढ्या पार्टसाठीचे छोटे कॅबिनेट चालेल, गेट नाही. मोठा भाड्याने आणलात तर हवा पुरवणारे हेल्मेट, त्याला वेगळा श्वसन फिल्टर, हात सुटताच बंद होणारे डेडमॅन हँडल आणि चामड्याचा एप्रन हेही आणा. तोंडाला रुमाल बांधून हे काम करू नये. कोणी तसे करताना दिसले तर त्याला थांबवा.

२०. काम बरोबर झालं हे मला कसं कळणार? प्रायमर लागल्यावर तपासता येईल का?

प्रायमरआधी या. कॉम्प्रेसरची हवा पांढऱ्या कागदावर सोडायला सांगा, तेल-पाण्याचा डाग नको. पृष्ठभागावर पारदर्शक टेप दाबून काढा, धूळ चिकटून आली तर पुन्हा फुंकायला लावा. कडा, वेल्डिंगचे सांधे आणि कोनाच्या आतल्या बाजूला टॉर्च मारून पाहा. काळा माल अडकलेला तिथेच सापडतो. आर्द्रता आणि लोखंडाचे तापमान वहीत लिहिलेले आहे का विचारा.

प्रायमर लागला की थराची जाडी गेजने मोजता येते, पण त्याखालची सफाई रंग खरवडल्याशिवाय कळत नाही. म्हणून ठेकेदाराला आधीच सांगून ठेवा: मी आल्याशिवाय डबा उघडायचा नाही. आणि मग खरेच वेळेवर पोचा, कारण प्रश्न ५ मधला तास तुमच्यासाठी थांबणार नाही.